छापखाना पाहायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात याला संग्रहालय कोणी म्हणत नाही, छापखानाच म्हणतात. बसस्टँडवर रिक्षावाल्याला 'संग्रहालय' सांगितलंत तर तो तुम्हाला पंचायत समितीच्या दारात सोडेल. असं दोनदा झालं आहे. खालचे प्रश्न दारात उभं राहून लोक खरोखर विचारतात ते आहेत. क्रमही तोच ठेवला आहे, महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही.

इथे नक्की आहे काय?

एका साप्ताहिकाची जुनी इमारत. तळमजल्यावर छापखाना, वर संपादकांची खोली आणि फाइलींचं कपाट, मागे मालकांचं राहतं घर. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई जाऊन संगणक आणि ऑफसेट आलं तेव्हा साप्ताहिक थकलं आणि बंद पडलं. मग कित्येक वर्षं दाराला कुलूप होतं. आता घरच्यांनी पुढचा भाग गावासाठी वापरायला दिला आहे आणि आम्ही काही जण तो उघडा ठेवतो: दोन निवृत्त शिक्षक, कॉलेजची चार पोरं आणि आप्पा. आप्पांनी याच खोलीत आयुष्यभर खिळे जुळवले. त्यांना पगार नाही, हुद्दाही नाही, पण शेवटचा शब्द त्यांचा असतो.

खाली यंत्रं आणि खिळे, वर अंकांच्या बांधीव फाइली, आणि मधल्या व्हरांड्यात गावाचं जुनं सामान: कापसाच्या गठाणीवर मारायचे पत्र्याचे शिक्के, तराजू, फोटो, शाळेची घंटा.

साप्ताहिकाचं नाव या पानावर का दिलेलं नाही?

नाव अजून घरच्यांचं आहे. ते पुन्हा सुरू करायचा त्यांच्या नातीचा विचार आहे, म्हणून जाहिरातीसाठी नाव वापरायचं नाही असं आमचं ठरलं आहे. इथे आलात की पहिल्याच भिंतीवर मोठ्या अक्षरात दिसेल.

इमारत किती जुनी आहे?

दगडावर साल कोरलेलं नाही. त्यामुळे गावात शंभर वर्षांपासून दोनशे वर्षांपर्यंत काहीही ऐकायला मिळेल. आम्ही मस्तकपट्टीच्या, म्हणजे पहिल्या पानावर साप्ताहिकाचं नाव छापायच्या लाकडी ठोकळ्यावर विश्वास ठेवतो. त्यावर नावाखाली 'जिल्हा पूर्व खानदेश' असं उलट्या अक्षरात कोरलं आहे. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते १९०६ साली. पूर्वेचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचं धुळे. म्हणजे ठोकळा त्याच्या आधीचा नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे झाला. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा निघाला. ठोकळा नीट पाहिलात तर 'पूर्व खानदेश' ही अक्षरं पटाशीने खरवडलेली दिसतील. नवा ठोकळा करायला पैसे नसावेत, किंवा सुतार नसावा. खरवडलेल्या जागी शाई आजही थोडी धरते, आणि प्रूफ काढलं की जुना जिल्हा पुसट उमटतो.

घर ठोकळ्यापेक्षा जुनं असू शकतं. तुळया सागाच्या आहेत आणि सागावरून साल सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

वेळ आणि तिकीट?

सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ७. सोमवारी बंद. बाजाराच्या दिवशी दिवसभर उघडं असतं, कारण खेड्यांवरचे लोक त्याच दिवशी येतात. तिकीट नाही, दाराशी पेटी आहे.

दुपारी का नाही? मे महिन्यात आत उकडत नाही का?

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं, संग्रहालयाला कोण येणार? आत मात्र बाहेरच्या मानाने बरंच गार असतं. त्याचं श्रेय धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला आहे. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. या पांढऱ्या मातीत क्षार असतात, म्हणून तिच्यावर गवत उगवत नाही आणि ओली झाली की ती चिकटून बसते, पाणी खाली उतरत नाही. दर वर्षी पावसाआधी नवी खारी टाकावी लागते. बंद असलेल्या वर्षांत ते झालं नाही, आणि एका कोपऱ्यात पाणी मुरून १९५०-६० च्या दशकातल्या चार फाइलींची अक्षरशः वीट झाली. त्या विटाही आम्ही ठेवल्या आहेत. उघडता येत नाहीत.

दुरुस्ती चुन्याने केली. सिमेंट स्वस्त पडलं असतं, पण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते आणि भिंत आतून भुगा होते. गवंडी गावचेच, त्यांच्यापैकी एकाच म्हाताऱ्याला चुना भिजवायचं माप माहीत होतं. त्याने गूळ आणि बेलफळाचं पाणी मागितलं तेव्हा खर्चाच्या वहीत ते कोणत्या सदरात लिहायचं यावर बैठकीत अर्धा तास गेला.

वेळ कमी आहे. एकच गोष्ट बघायची तर कोणती?

'ळ'चं घर.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. हाताने जुळवायच्या छपाईत प्रत्येक अक्षराचा वेगळा धातूचा खिळा असतो. हे खिळे लाकडी केसमध्ये, म्हणजे खणाखणाच्या उथळ ट्रेमध्ये ठेवतात. त्या प्रत्येक खणाला 'घर' म्हणायचं. इंग्रजीचं काम दोन केसमध्ये भागतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार असं सगळं लागतं, म्हणून कंपोझिटरसमोर चार केस लावलेल्या असत आणि घरं शेकड्यांनी. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात घराघरांतून फिरणार. ओळ उलटी जुळवायची आणि उलटीच वाचायची. आप्पा अजूनही सरळ छापलेल्यापेक्षा उलटं मॅटर जास्त भराभर वाचतात.

आता खानदेशातल्या गावांची नावं मोठ्याने म्हणून बघा. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, पारोळा, तळोदा, थाळनेर. त्यात केळी, कापसाला भाव मिळाला, काळ पडला, शाळेचा निकाल, मंडळाची सभा. खिळे विकणाऱ्याने फाँटमध्ये 'ळ' दिले ते साऱ्या महाराष्ट्राचा अंदाज धरून. आमच्याकडे ते मंगळवारीच संपत.

संपले की काय करायचं? तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठला तरी खिळा उलटा, पाय वर करून लावायचा. प्रूफमध्ये 'ज', मग एक काळा ठिपका, मग 'गाव' असं उमटतं. अशी प्रूफं आम्ही काचेखाली लावली आहेत. एका प्रूफात एकाच मजकुरात असे अकरा ठिपके आहेत. मग छापायच्या वेळी आधीचा फर्मा (एकदम छापायच्या पानांची आवळलेली चौकट) सोडून त्यातले 'ळ' काढायचे आणि इथे बसवायचे. चार पानी अंकाचं पान १ आणि ४ एका फर्म्यात, २ आणि ३ दुसऱ्या फर्म्यात. म्हणून केळीचे भाव पान चारवर गेले की जळगावची मोठी बातमी पान एकवर नको, असा खालून वर निरोप जायचा. संपादक चिडत, पण ऐकत. बातमीची जागा ठरवण्याची कारणं किती असतात ते आम्हाला आप्पांकडून कळलं.

आणि गंमत अशी की खानदेशातला साधा माणूस बोलताना 'ळ' म्हणतच नाही. अहिराणीत जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये, अमळनेरचं अमयनेर. पूर्वेकडच्या लेवा बोलीतही डोळ्याचा डोया. जे अक्षर तोंडात नाही तेच कागदावर सगळ्यात जास्त लागायचं. 'ळ'च्या घराचा तळ झिजून खोलगट झाला आहे, बोट घालून बघा. शेजारचं 'ङ'चं घर नवं कोरं आहे.

खिळ्यांना हात लावता येतो?

'ळ'च्या रिकाम्या घराला लावा. खिळ्यांना आमच्यापैकी कोणी सोबत असेल तरच. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा असतो. शिशाने वजन येतं आणि ते लवकर वितळतं, अँटिमनीने कडकपणा येतो. शिसं पोटात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरलेली दिसते तीही शिशाचीच. म्हणून हात लावलात तर मागच्या नळावर साबणाने हात धुतल्याशिवाय भेळ खायची नाही. या बाबतीत आम्ही उद्धट आहोत, आधीच सांगून ठेवतो. खिळा खिशात टाकून नेऊ नका हेही आलंच. तुमचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं ते आमच्याकडे आधीच कमी आहे.

यंत्र चालतं का?

ट्रेडल चालतं. पायाने मारायचं, एका हाताने कागद घालायचा, दुसऱ्याने काढायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आप्पा चालवतात, आणि ६ जानेवारीलाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं तो हा दिवस, पत्रकार दिन.

मोठं सिलिंडर मशीन बंद आहे. ते इथून हलवायचं तर भिंत फोडावी लागेल, आणि आणलं होतं तेव्हाही फोडलीच होती. दक्षिणेच्या भिंतीत वेगळ्या विटांची कमान दिसते ती त्याचीच.

वर्तमानपत्रावर एवढा सगळा कारभार चालत होता?

छे. साप्ताहिक तोट्यातच असायचं. छापखाना चालायचा तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जिनिंगची बिलं, कानबाईच्या उत्सवाची निमंत्रणं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर. प्रश्नपत्रिका छापायच्या दिवशी कंपोझिटरच्या स्वतःच्या मुलांना दुपारचा डबा घेऊन आत येऊ देत नसत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दोन महिने लग्नसराईचे, तेव्हा अंक दोन पानांचा निघायचा आणि वाचकांची तक्रारही नसायची, कारण वाचक लग्नात असत.

पत्रिकांचे नमुने एका पेटीत आहेत. बायका सगळ्यात जास्त वेळ तिथेच रमतात. मामा-मावशांच्या नावांचा क्रम कोणत्या वर्षी का बदलला हे त्यांना बघताक्षणी कळतं. आम्हाला फाइली चाळूनही कळलं नव्हतं.

आमच्या आजोबांचं नाव सापडेल का?

बाजाराच्या दिवशी हा प्रश्न अहिराणीत येतो: "भाऊ, मन्हा आजानं नाव शे का यामा?" खरं उत्तर असं, की बहुधा पहिल्या पानावर नाही. शोधायचं ते शेवटच्या पानावर आणि लहान टायपात. लिलावाच्या नोटिसा, हरवलेल्या दस्तांच्या जाहिराती, मॅट्रिकचा निकाल, सोसायटीच्या निवडणुकीतले उमेदवार, देवळाच्या जीर्णोद्धाराला अकरा रुपये देणाऱ्यांच्या याद्या. एक बाबा आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते याचा कागद शोधायला आले होते. तो मिळाला नाही. आजोबांचा बैल चोरीला गेल्याची जाहिरात मिळाली: रंग पांढरा, उजवं शिंग मोडकं, पत्ता सांगणाऱ्यास योग्य इनाम. त्यांनी ती तीन वेळा वाचून घेतली आणि म्हणाले, या बैलाची गोष्ट आजी सांगायची, आम्हाला ती थापच वाटायची.

येताना तीन गोष्टी घेऊन या: गावाचं नाव, अंदाजे साल, आणि आडनावाची जुनी रूपं. जुन्या अंकांत लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्याआधी 'नांव', 'कांहीं', 'गांव' असं अनुस्वार देऊन छापत. म्हणून आमच्या याद्यांत एकच गाव दोन जागी सापडू शकतं. (नियम बदलले तेव्हा व्याकरणवाले काय म्हणाले ते म्हणाले, कंपोझिटरांनी पेढे वाटले असावेत. अनुस्वाराचे खिळे अजून घरभर पडून आहेत.)

सगळ्या अंकांची नावनिशी अजून झालेली नाही. पोरं सुट्टीत बसून करतात. एका बसणीत एक वर्ष होतं, जर कोणी मध्येच नाटक कंपनीच्या जाहिराती वाचत बसलं नाही तर.

फैजपूर काँग्रेसचे आणि १९४२ चे अंक बघायला मिळतील?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालं, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबू-चटयांची सजावट नंदलाल बोस यांची. साहजिकच त्या महिन्याची फाइल सगळे मागतात. ती आहे, पण कोणीतरी फार पूर्वी ब्लेडने तिची आतली पानं कापून नेली आहेत. कोणी नेली याबद्दल गावात तीन नावं घेतली जातात, आम्ही एकही घेत नाही. पानं परत आली तर चौकशी होणार नाही. सध्या त्या जागी कापलेल्या पानांची कड दिसते, आणि मागचं पान शाबूत आहे: सरकीचे भाव, दम्याचं औषध, शिलाई मशीन.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरचे अंक फाइलीत नाहीतच. तेव्हा देशभर अनेक पत्रांनी छपाई थांबवली होती. ९ सप्टेंबरला नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार गोळीबारात गेला. त्याबद्दल इथे वाचायला याल तर दोन कोऱ्या पानांमध्ये आम्ही घातलेली चिठ्ठी मिळेल, बाकी काही नाही. त्यासाठी नंदुरबारलाच जा, तिथे स्मारक आहे.

सरकारचा धाक फक्त लढ्याच्या दिवसांपुरता नव्हता. १९१० च्या कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये तारण मागता यायचं आणि सरकारला खटकलं की ते जप्त. लग्नपत्रिकांवर जगणाऱ्या माणसाला ५०० रुपये म्हणजे काय, ते शेजारच्या जमाखर्चाच्या वहीवरून कळतं. १९७५ च्या आणीबाणीतल्या फाइलीत अग्रलेखाच्या जागी पावसाळ्यात गुरांची काळजी कशी घ्यावी यावर लेख आहे. अभ्यासक त्यात उपरोध शोधतात. आप्पा म्हणतात, तसं काही नव्हतं, संपादकांची म्हैस आजारी होती.

साने गुरुजींचं 'काँग्रेस' इथे छापायचे ना? बालकवी, बहिणाबाई यायच्या?

नाही. गावात कोणी छातीठोक सांगितलं तरी नाही. गुरुजींनी 'काँग्रेस' साप्ताहिक १९३८ मध्ये अमळनेरहून सुरू केलं. त्याचा या यंत्राशी संबंध नाही.

बालकवी ठोमरे मूळचे धरणगावचे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. खानदेशातल्या छपाईचा अभिमान बाळगायचाच असेल तर जळगावच्या 'काव्यरत्नावली'चा बाळगा. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये ते मासिक काढलं, फक्त कवितेला वाहिलेलं, आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. त्या काळी, त्या गावात. आम्हाला त्याचा दोन ओळींपेक्षा मोठा फलक लावायचा आहे, जागा ठरत नाही.

बहिणाबाई आसोद्याच्या, संसार जळगावचा, १९५१ मध्ये वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या आणि पुस्तक त्या गेल्यानंतर निघालं. जिवंतपणी त्या बोलत होत्या तसल्या गावच्या बोलींना आमच्या साप्ताहिकातही जागा नव्हती, हे पुढच्या उत्तरात येईल.

अहिराणीत काही छापलेलं आहे का?

फार थोडं. लिहिणाऱ्यांच्या घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, प्रूफ वाचताना शिव्याही अहिराणीत, आणि अंकात मात्र पुणेरी वळणाचं मराठी. अहिराणी दिसते ती दोनच ठिकाणी: होळीच्या अंकातल्या चेष्टेच्या सदरात, आणि कोर्टाच्या बातमीत साक्षीदाराच्या तोंडी. म्हणजे एक तर हसायला, नाही तर गुन्ह्यात. हे आम्ही भिंतीवर तसंच लिहिलं आहे आणि त्यावरून घरच्यांशी थोडी वादावादीही झाली.

वरच्या मजल्यावर 'न छापलेलं' नावाची एक लहान खोली आहे. तिथे बातमीदारांची नाकारलेली पत्रं आहेत. पैकी काही सरळ अहिराणीत लिहिलेली, संपादकांनी लाल शाईने बाजूला 'मराठीत करून घेणे' असं लिहून ठेवलेली. करून घेतली गेलीच नाहीत. आखाजीच्या गौराईची गाणी एका बातमीदाराने तीन पानं भरून पाठवली होती, ती तिथे आहेत. आता आम्ही बाजाराच्या दिवशी येणाऱ्या आज्यांकडून ती म्हणवून मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्यांच्या पाठात आणि कागदावरच्या पाठात फरक येतो. आज्यांच्या मते कागद चुकला आहे.

'खानदेश' बरोबर की 'खान्देश'?

दोन्ही छापलेलं आहे, कधी एकाच पानावर. नाव कुठून आलं याबद्दल वाद आहेत. थाळनेर-बऱ्हाणपूरच्या फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून, हे सगळ्यात जास्त सांगितलं जातं. १६०१ मध्ये असिरगड घेतल्यावर अकबराने मुलगा दानियालच्या नावावरून 'दानदेश' करून पाहिलं. टिकलं नाही. आम्ही 'खानदेश' लिहितो. खान्देशवाल्यांनी राग मानू नये.

कागद इतका पिवळा आणि ठिसूळ का झाला आहे?

वृत्तपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, ते हवा आणि उजेडाने तपकिरी होतं, आम्ल तयार होतं आणि कागद घडीवर मोडतो. त्यापेक्षा आधीच्या, चिंध्यांपासून केलेल्या कागदावरचे हिशेब अजून ताठ आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतला बराचसा कागद नेपानगरचा असावा असं आप्पा सांगतात. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे लागतं ते नेपानगर. देशातला वृत्तपत्र कागदाचा पहिला कारखाना तिथला, सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा कागद करायचा. ऊन लागलेल्या नेपाच्या रिळाचा वास त्यांना अजून आठवतो.

घरी जुने अंक आहेत, कसे जपू?

लॅमिनेशन करू नका. पुन्हा सांगतो, करू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही, आणि आतला कागद आपल्याच आम्लाने कुजत राहतो. चिकटपट्टीही नको, तिचा डाग कायमचा राहतो. अंक उलगडून आडवा ठेवा, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, भिंतीला न टेकवता पेटीत ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. वाळवीसाठी पेटी जमिनीवरून उचलून ठेवा आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. खरं औषध हे बघणंच आहे. पान हाताळण्याआधी मोबाइलवर सरळ वरून एक फोटो काढून ठेवा, काही झालं तर तेवढं तरी राहील.

आमच्याकडच्या वस्तू घ्याल का?

कागद, फोटो, पावत्या, पत्रिका, खिळे: हो. कोणी दिलं, कुठून आलं, फोटोत कोण आहे, हे सांगणार असाल तर आनंदाने. पाटे-वरवंटे नको, सोळा झाले. नाणी नकोत. शेतात नांगरताना सापडलेली तर मुळीच नकोत: १८७८ चा कायदा अजून लागू आहे, जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. एक गृहस्थ रात्री नऊला मडकं घेऊन आले होते. आम्ही त्यांना चहा दिला आणि मडक्यासकट परत पाठवलं.

पोथ्या आणि मोडी कागद असतील तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तरांसाठी मंडळ उभं राहिलं. मोडी वाचण्यात आमची मजल पहिल्या ओळीपर्यंत.

फोटो काढू का? अंकातला मजकूर छापू का?

फोटो काढा, फ्लॅश नको. मजकुराचं असं आहे की लेखकाचं नाव असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांचा, निनावी असेल तर छापल्यापासून ६० वर्षं. त्यापुढचं मोकळं. साप्ताहिकाचं नाव वापरण्याबद्दल वर सांगितलंच आहे.

शाळेची सहल आणायची आहे.

आणा, एका वेळी तीसच मुलं. तीसच्या वर गेली की वरचा मजला बोलायला लागतो. प्रत्येकाला स्वतःचं नाव उलटं जुळवून छापून मिळतं. बाळकृष्ण, सोज्ज्वळ अशी नावं असतील तर आधी कळवा, 'ळ' राखून ठेवतो.

जिना चढवत नाही. काय करू?

जिना उभा आहे आणि दोराला धरून चढायचा, त्यात बदल करता येत नाही. खालच्या खोलीत बसा, हवी ती फाइल खाली आणून देऊ. १९७२ च्या दुष्काळाची फाइल तर आता खालीच राहते. तांबड्या मिलोच्या (आयात ज्वारीच्या) भाकरी खाल्लेले लोक ती मागतात, वाचतात कमी आणि बोलतात जास्त. बोलणं आम्ही लिहून घेतो.

पैसा कुठून येतो?

पेटीतून, आणि पहिल्या रविवारी ट्रेडलवर छापून दिलेल्या लग्नपत्रिकांतून. छापखाना पूर्वीही तसाच चालायचा.

जवळ खायला काय मिळेल?

शेवभाजी. हिवाळ्यात आलात तर कोणाच्या तरी शेतात भरीत असतंच, आप्पांना विचारा.

फलकावर चूक दिसली तर कोणाला सांगायचं?

कोणाला सांगू नका, लिहा. प्रत्येक फलकाची एक कागदी प्रत दाराजवळ प्रूफासारखी टांगलेली आहे, समासात जागा सोडून. बाजूला लाल शाईचं पेन दोरीने बांधलेलं आहे. दोरीसकट तीनदा गेलं, म्हणून आता साखळी आहे.